अर्ध्या कोयत्याचा हिशोब सरकारला कुठं मागायचा?

बालाघाटची_लेक (बीड जिल्हा)

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

परवा आमच्या वाडीतली एक बाई माझ्याकडं कागद घेऊन आली. वय ३१. तीन लेकरं. थोरलीचं लग्न गेल्या वैशाखात लावून दिलं, ती पंधराची. बाईनं तीन वर्षांपूर्वी गर्भाशयाची पिशवी काढली. तेव्हापासून कंबर धरते, हाडं ठणकतात, चार पावलं चाललं की बसावं लागतं. तरी दसरा झाला की टोळी निघते आणि टोळीबरोबर ती निघते. यंदा ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढायला ग्रामपंचायतीत गेली, तर नोंदवहीत तिचं नावच नाही. नवऱ्याचं आहे. त्याच्यापुढं लिहिलंय, 'कोयता – १'.

बाहेरच्या जिल्ह्यातल्या वाचकांसाठी सांगते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे, जोडीवर ठरते, अंगठा नवऱ्याचा आणि पैसेही नवऱ्याच्याच हातात. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, आणि खोपीवर आली की परत चूल पेटवते. हिशोबात ती अर्धा कोयता. विधवा किंवा टाकलेली असली तर मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, तोंडावर विचारतो, "अर्ध्या कोयत्याला उचल कशी देऊ?"

मी २६ वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. मी स्वतः जाऊन विचारलं, बाईचं नाव का नाही? उत्तर मिळालं, "कुटुंबाची नोंद आहे ना मॅडम." त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या किती पोरी आज त्या 'कोयता – १' मध्ये गाडल्या गेल्यात, ते मोजत बसले.

आणि सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. २०१९ मध्ये बोभाटा झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. सरकारनंच मोजलं, सरकारनंच आकडा सांगितला. मग पुढं कुणाला धरायचं? कोणत्या कागदावर, कोणत्या टेबलावर? एका ओळखीच्या बाईंनी 'सीडॉ' नावाच्या कराराचं सांगितलं, भारतानं त्यावर सही केलीय म्हणे. आमच्या वाडीला त्याचा काही उपयोग आहे का? जाणकारांनी लिहावं. वाट सांगा, भाषण नको.

मन्याडकाठ (नांदेड)

ताई, मी वकिली करतो. मला ठाऊक आहे तेवढं सांगतो.

सीडॉ म्हणजे स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचं निर्मूलन करण्याचा करार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो १८ डिसेंबर १९७९ ला मंजूर केला. भारतानं ३० जुलै १९८० ला सही केली, पण नुसत्या सहीनं देश पुरता बांधला जात नाही. त्यानंतर अनुमोदन द्यावं लागतं, ते दिलं ९ जुलै १९९३ ला. आपल्याकडं ते वर्ष वेगळ्या कारणानं लक्षात राहिलं, त्याच सप्टेंबरात किल्लारी हादरली.

आता तुमच्या कामाचं. कलम २ म्हणतं की सरकारनं स्वतः भेदभाव करायचा नाही, आणि तेवढ्यावर थांबायचंही नाही. कुणी व्यक्ती, संघटना किंवा उद्योग भेदभाव करत असेल तर तो मोडून काढायचं कामही सरकारचंच. म्हणजे 'मुकादमाचा खासगी व्यवहार आहे', 'दवाखाना खासगी आहे' असं म्हणून कोणत्याही खात्याला हात झटकता येत नाहीत. कलम ११ मध्ये कामाच्या ठिकाणी आरोग्य जपण्याचा हक्क आहे, आणि त्यात प्रजननक्षमतेचं रक्षण असं स्पष्ट लिहिलंय. कलम १२ आरोग्यसेवेचं. कलम १४ तर सगळं ग्रामीण स्त्रियांवरच आहे. घर चालवायला त्या जे काम करतात, ज्याचे पैसे कुणी मोजत नाही, त्याचाही विचार करा असं ते सांगतं. तुमचा 'अर्धा कोयता' इथं बसतो.

मर्यादाही सांगतो, नाहीतर आशा लावून फसवल्यासारखं होईल. या कराराला १९९९ चा एक ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल) जोडलेला आहे. तो ज्या देशानं मान्य केला तिथली बाई देशातले सगळे मार्ग संपल्यावर थेट करार-समितीकडं तक्रार करू शकते. भारतानं तो मान्य केलेला नाही. त्यामुळं तुमच्या वाडीचा अर्ज जिनिव्हाला पोचणार नाही. तिथं २३ तज्ज्ञांची समिती असते, दर चार वर्षांनी सरकारनं तिच्यापुढं अहवाल ठेवायचा असतो. भारताच्या चौथ्या-पाचव्या एकत्र अहवालावर जुलै २०१४ मध्ये चर्चा झाली. महिला संघटनाही तिथं आपला वेगळा अहवाल देतात.

मग इथं उपयोग काय? न्यायालयात. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सीडॉचाच आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल नियम घालून दिले, कारण तेव्हा कायदाच नव्हता. तो कायदा यायला २०१३ उजाडलं. मधली सोळा वर्षं त्या निकालावरच निघाली. करार खुंटीवर टांगलेला राहतो तो आपण काढत नाही म्हणून.

सिंदफणा

मी मुकादमाचा मुलगा आहे, तेव्हा माझं ऐकून मग शिव्या द्या.

मुकादम कारखान्याकडून पैसा उचलतो, टोळी पळाली तर तो बुडतो. माझ्या वडलांनी दोन एकर विकली अशा बुडीत उचलीपायी. जोडीवर उचल द्यायची पद्धत आम्ही काढली नाही, कारखान्याला टनावर माल पाहिजे, तोडणी-वाहतुकीचा करार तसाच होतो. आणि पिशवीचं म्हणाल तर मुकादम कुणाला दवाखान्यात नेऊन बसवत नाही. घरचे नेतात. डॉक्टर सांगतो, घरचे ऐकतात. यात सरकारला कुठं धरता? आता तर लाडकी बहीणचे महिन्याला १५०० थेट बाईच्या खात्यात येतात. आधी हे कधी होतं?

आशा_केज_भाग

सिंदफणा दादा, तुम्ही खरं बोललात, शिव्या कशाला देऊ. पण घरचे का नेतात ते मी सांगते. मी आशा म्हणून गावात फिरते, बायका माझ्याशी बोलतात.

फडावर, म्हणजे ऊस तोडतात त्या शेतात, पाणी नाही, आडोसा नाही. दिवसभर लघवी दाबून धरायची. पाळीत तेच फडकं, धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आग होते. एक दिवस कामावर गेली नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे जोडीतून कापतात. म्हणजे बाई आजारी पडली की दंड नवऱ्यालाही, मग घरात तिचीच चूक ठरते. हंगाम संपवून आली की दुखणं घेऊन दवाखान्यात जाते. तिथं सांगतात, पिशवी सडलीय, कॅन्सर होईल, काढून टाका. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं असतं हो त्यातलं कितीतरी. बाई विचार करते, लेकरं झाली, पाळीची कटकट जाईल, खाडा वाचेल. व्याजानं पैसे काढते किंवा पुढच्या हंगामाची उचल आधीच घेते. म्हणजे ऑपरेशनचं कर्ज फेडायला परत फडातच.

पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर तिशीतच म्हातारपणाचा सगळा त्रास सुरू. ताईंनी सांगितलेली ती हाडं.

आता सरकारला कुठं धरायचं? २०१९ मध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं की बीडमध्ये तीन वर्षांत ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ पिशव्या काढल्या. तीन वर्षं कुणीच बघितलं नाही? त्यानंतर आमच्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यानं आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची असं ठरलं. पण माझ्या माहितीतल्या दोघी शेजारच्या जिल्ह्यात जाऊन करून आल्या. हंगामाला जायच्या आधी आणि आल्यावर तपासणी करायची असंही ठरलं. ती होते, पण यादी कुणाची? कोयत्याच्या नोंदीवरून यादी काढली की नवऱ्याचं नाव येतं. गेल्या साली माझ्या यादीत पहिल्या पानावर सगळे गडी होते. मी हातानं बायकांची नावं शेजारी लिहिली.

१५०० मिळतात, माझ्या सासूबाईंनाही मिळतात, त्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण फडावर पाणी मिळालं असतं तर त्या ३१ वर्षांच्या बाईची पिशवी वाचली असती.

सिंदफणा

यादीचं मला खरंच माहीत नव्हतं ताई.

दुधनाकाठ (परभणी)

थोरली पंधराची आणि तिचं लग्न झालं, हे सगळे वाचून पुढं गेले. मी थांबले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या मुलींना विचारलं, अठराच्या आत लग्न झालं का? महाराष्ट्रात २१.९ टक्के 'हो' म्हणाल्या. परभणीत ४८. बीडमध्ये ४३.७. आमच्या जिल्ह्यात जवळपास निम्म्या. मी अंगणवाडीच्या कामात आहे. हा आकडा वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, शरम वाटली.

लोक म्हणतात अज्ञान. माझ्या बघण्यात तसं नाही. आई-बाप सहा महिने कारखान्यावर जाणार, पोर वयात आलेली, तिला कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत नेली तर फडावर भीती. शाळा सातवीपर्यंत, पुढं तीन कोसांवर. लग्न लावलं की जोडी तयार, नवा कोयता तयार, त्यावर वेगळी उचल. म्हणजे वसतिगृह नाही, एसटी नाही, फडावर सुरक्षितता नाही, या सगळ्याचं उत्तर घरचे पोरीच्या लग्नात शोधतात. हे तिन्ही द्यायचं काम कुणाचं?

वकीलदादा, एक विचारायचंय. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, बरोबर? मग लग्न झालं की त्याच्यावर काय होतं? मी आजवर एकालाही साधी नोटीस आलेली बघितली नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला म्हणून माझ्याच दारात लोक भांडायला आले होते.

मन्याडकाठ

बरोबर. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली महाराष्ट्रात गावपातळीवर ती जबाबदारी ग्रामसेवकाची आहे.

तुमच्या मुद्द्याला आणखी एक धागा आहे. सीडॉचं कलम १६(२) म्हणतं, बालविवाहाला कायदेशीर परिणाम नसावा आणि प्रत्येक लग्नाची अधिकृत नोंद सक्तीची असावी. भारतानं अनुमोदन देताना इथंच हात आखडता घेतला. सक्तीच्या नोंदीचं तत्त्व मान्य आहे, पण एवढ्या मोठ्या, नाना चालीरीतींच्या देशात ती व्यवहार्य नाही असं लिहून दिलं. तसंच कलम ५(अ) आणि १६(१) बद्दल लिहिलं की कोणत्याही समाजाच्या व्यक्तिगत बाबतीत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय आम्ही हस्तक्षेप करणार नाही. ५(अ) म्हणजे बाईला कमी लेखणाऱ्या रूढी बदलणं. म्हणजे दुखणं जिथं आहे तिथंच सूट मागितली. हे वाचून मला फार वाईट वाटतं, दरवेळी.

पण पुढं काय झालं बघा. महाराष्ट्रानं १९९८ मध्येच विवाह नोंदणीचा कायदा केला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना लग्नांची नोंद सक्तीची करायला सांगितलं. 'व्यवहार्य नाही' हे कारण आता उरलेलं नाही. नोंदणीला वयाचा दाखला लागतो, गावातल्या प्रत्येक लग्नाची नोंद मागितली तर पंधराची नवरी लपत नाही.

तेरणाकाठ (धाराशिव)

आमच्याकडं शेतीचं. थोडक्यात लिहिते.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशभर २००५ ला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ ला बाप हयात असो-नसो, हक्क जन्मानंच आहे. आणि गावात? भाऊ म्हणतो, माहेर पाहिजे का जमीन? बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, साडी घेऊन परत जाते. मीही केली. २०११ साली. माझ्या भावानं नंतर कधी बोलावलं नाही ते वेगळंच.

माझं म्हणणं, सही घेताना तलाठी आणि दुय्यम निबंधक दोघंही बाईला एकटीला बाजूला बसवून विचारत का नाहीत, तुला कळतंय का तू काय सोडतेस? शासनाला एवढा एक नियम करायला काय लागतं? सातबाऱ्यावर नाव नसलं की नवऱ्यामागं पीककर्ज नाही, पीकविमा नाही, नुकसानभरपाई नाही. बाई शेतात मरेपर्यंत राबते आणि कागदावर शेतकरी होत नाही. अर्ध्या कोयत्यासारखंच.

वाचनमात्र_लातूर

विषय भरकटू देऊ नका. ताईंनी वाट विचारली होती. कागद कोणता द्यायचा ते कुणी सांगेल का?

मन्याडकाठ

सांगतो. माझ्या अनुभवात मोर्चापेक्षा आवक क्रमांक जास्त दिवस टिकतो.

पहिलं, माहितीचा अधिकार. अर्ज साधा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्या बाईच्या नावानं दिला तर तेही नाही. 'का नाही केलं' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. असलेला कागद मागा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं: हंगामाच्या आधी आणि नंतर तपासलेल्या ऊसतोड महिलांच्या याद्यांच्या प्रती, नावं झाकून, गावनिहाय संख्येसह. जिल्हा शल्यचिकित्सकांकडं: गर्भाशय काढण्याच्या परवानगीसाठी आलेले अर्ज किती, मंजूर किती, नामंजूर किती. ग्रामपंचायतीकडं: ऊसतोड कामगार नोंदवहीची प्रत, आणि स्वउत्पन्नातला १० टक्के निधी महिला-बालकल्याणावर कशावर खर्च झाला त्याची पावत्यांसह माहिती. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, तरी नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं दुसरं. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखाने टनामागं दहा रुपये देतात आणि तेवढेच शासनानं घालायचे असतात. त्या पैशातून बायकांसाठी काय झालं हेही मागा.

दुसरं, महिला ग्रामसभा. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी ती घेणं ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ७ प्रमाणं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात. त्या दिवशी खरंच जाऊन बसा, ठराव लिहून न्या, वाचून दाखवा, इतिवृत्तात घ्यायला लावा. ठरावात सीडॉच्या कलम २, ११ आणि १४ चा उल्लेख करा. पुढं कधी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जावं लागलं तर हाच ठराव पहिला कागद होईल.

तिसरं, फडावर कुणी हात लावला तर. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या किंवा मालकाविरुद्धच तक्रार असलेल्या ठिकाणासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत. कोल्हापूर-सांगलीकडं गेलेली बाई बीडला येऊन तीन महिन्यांत तक्रार कशी करणार, हा प्रश्न मात्र मलाही सुटलेला नाही.

आशा_केज_भाग

महिला ग्रामसभा दसऱ्याच्या आधी घ्या म्हणावं. दोन ऑक्टोबरची धरली तर बायका गावात असतात. २६ जानेवारी आणि १ मेच्या सभेला आमचं अर्धं गाव कारखान्यावर किंवा नुकतं परत येऊन आजारी. जिच्याबद्दल ठराव करायचा तीच नसते.

बालाघाटची_लेक

ही ओळ मी वहीत लिहून घेतली. इतकी वर्षं मी १५ ऑगस्टला झेंड्याजवळ उभी राहिले, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सिंदफणा

वडलांशी बोललो. ते म्हणाले, करारनाम्यावर बाईचंही नाव आणि अंगठा घ्यायला मुकादमाची हरकत नाही, उलट जबाबदारी दोघांवर येते. मी म्हणालो, मग हिशोबही दोघांच्या हातात द्या. ते गप्प बसले. नंतर म्हणाले, कारखान्यानं छापील कागदात रकाना ठेवला तर देऊ. म्हणजे रकाना छापून घ्यायचा असेल तर तिथं साखर आयुक्तालयानंच सांगितलं पाहिजे. पत्ता पुण्याचा आहे. अर्ज मी लिहितो, सह्या तुम्ही गोळा करा.

दुधनाकाठ (परभणी)

दादा, त्यात फडावर तात्पुरतं न्हाणीघर-संडास आणि पाण्याचा टँकर हेही घाला. आणि सोबतच्या मुलींची नावं, वय, शाळा.

बालाघाटची_लेक

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा.

महिला ग्रामसभा झाली, ३० सप्टेंबरला. एरवी सह्यांपुरत्या येणाऱ्या बायका या वेळी ६३ आल्या. त्या ३१ वर्षांच्या बाईनंच ठराव वाचला, अडखळत, तिसरीपर्यंत शिकलेली आहे. 'आम्ही अर्ध्या नाही' ही ओळ ठरावात नव्हती, ती तिनं आपली घातली. सरपंचबाई आरक्षणाच्या जागेवरच्या, बैठकीत नेहमी त्यांचे मालक बोलतात. त्या दिवशी त्यांनी मालकांना बाहेर चहा प्यायला पाठवलं.

माहिती अधिकाराचे तीन अर्ज दिले. एकाचं उत्तर आलं: 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' अपिलाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलीय.

नोंदवही नवीन आखली. कुटुंबप्रमुख हा रकाना काढून 'कामगाराचे नाव' केला, प्रत्येक ओळीला एक माणूस. ४१ बायकांची नावं लिहिली. वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव मागं, स्वतःचं पुढं. दोन विधवा आणि एक टाकलेली, त्यांचीही. ग्रामसेवकांनी सह्या केल्या, पण ओळखपत्रावर शिक्का मारायचा राहिला, वरून मार्गदर्शन मागवलंय म्हणाले.

टोळ्या सोमवारी निघणार आहेत. त्या आधी शनिवारी मी, आशाताई आणि सरपंचबाई तालुक्याला जातोय. कुणाला यायचं असेल तर सकाळी दहाला पंचायत समितीच्या दारात.